टर्बोप्रॉपमध्ये लिव्हर पुढे ढकलताना

पिस्टन इंजिनाची सवय असलेला माणूस फ्लाइट सिम्युलेटरमध्ये टर्बोप्रॉपचं, म्हणजे टर्बाइनने पंखा फिरवणाऱ्या विमानाचं, अॅड-ऑन घेतो, टेकऑफला शक्तीचा लिव्हर पूर्ण पुढे ढकलतो आणि दोन मिनिटांत इंजिन गमावतो. इथे लिव्हरची जागा बघायचीच नाही, टॉर्कचा, म्हणजे पंख्याला फिरवणाऱ्या जोराचा, काटा बघायचा.

१. ब्रेक दाबून लिव्हर हळूहळू पुढे न्या. काटा दोन-तीन सेकंद उशिरा हलतो, घाई करू नका.
२. लाल रेषेच्या थोडं आधी थांबा. ६७५ अश्वशक्तीच्या सेसना कॅरावान विमानात मर्यादा १८६५ फूट-पाउंड आहे. मी १७५० ला हात थांबवतो. वेग वाढला की उरलेला टॉर्क आपोआप चढतो.
३. वर जाताना टॉर्क घसरतो, तेव्हा लिव्हर पुढे सरकवा. मात्र आता नजर आयटीटीवर, म्हणजे टर्बाइनच्या तापमानावर ठेवा.

अॅड-ऑन विकत घेण्याआधी त्याचा एखादा व्हिडिओ जरूर बघा. समुद्रसपाटीवर लिव्हर पूर्ण पुढे असूनही काटा लाल रेषेवर मुकाट थांबत असेल, तर ते मॉडेल मला तरी शिकण्यासाठी अपुरं वाटतं.

जॉयस्टिकवर बीटा आणि रिव्हर्सची (आयडलच्या मागची, जमिनीवर वेग कमी करण्यासाठीची) हद्द आधी नीट कॅलिब्रेट करा. हवेत लिव्हर आयडलच्या, म्हणजे किमान शक्तीच्या जागेच्या, मागे गेला तर विमान दगडासारखं खाली येतं.