टस्कन लेदर की ला युकावम? तुलना करताना या चुका टाळा

टॉम फोर्डचं टस्कन लेदर (2007 मध्ये आलेलं परफ्युम) घ्यायचं म्हणजे खिशाला वीस हजारांच्या पुढे फोडणी, म्हणून दुबईच्या रसासी कंपनीचं त्याच धाटणीचं, स्वस्तातलं ला युकावम बघायचं, इथपर्यंत सगळं ठीक. रासबेरी, केशर, चामडं, दोन्हीत माल तोच. घोळ पुढे होतो आणि दरवेळी तोच होतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे ज्याच्याशी तुलना चाललीय तो 'ओरिजिनल'च डुप्लिकेट असणं. आमचा एक मित्र छाती ठोकून सांगत फिरायचा की ला युकावम टस्कनला खाऊन टाकतं, टॉम फोर्ड नुसतं नावाचे पैसे घेतो. म्हटलं आण बाबा तुझं टस्कन. आणलं. कुठल्या तरी ऑनलाइन विक्रेत्याकडून 'टेस्टर' (दुकानात वास दाखवायला ठेवतात ती बाटली) म्हणून चौथ्या हिश्श्याच्या किमतीत घेतलेलं, झाकण डगडग हलतंय, खोक्यावरचा बॅच कोड (कुठल्या घाण्यातला माल ते सांगणारा क्रमांक) एक आणि बाटलीच्या बुडाचा भलताच. मनगटावर मारलं तर खोकल्याच्या औषधासारखी रासबेरी, आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत तीही गायब, चामड्याचा पत्ताच नाही! अहो, अशा पाण्याला कोणीही हरवेल. मी तरी अधिकृत दुकानातून फवारा मारून घेतल्याशिवाय किंवा ओळखीच्या माणसाच्या बाटलीतलं पाच एमएल घेतल्याशिवाय मत देत नाही.

दुसरी चूक, घाई. दुकानात आधी चार परफ्युम मारून झालेत, मग त्याच हातावर हे दोन, आणि पाच मिनिटांत निकाल 'सेम टू सेम'. पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही अल्कोहोल आणि रासबेरी हुंगताय, तिथे दोन्ही सारखीच वाटणार. चामड्याचा वास काही चामड्यातून काढत नाहीत, भूर्जाच्या झाडाचं डांबर, आयसोब्यूटाइल क्विनोलिन नावाचं रसायन असल्या गोष्टींतून तो उभा करतात, आणि या जड गोष्टी सावकाश वर येतात. माझी सवय अशी की सकाळी आंघोळीनंतर एका हातावर हे, दुसऱ्यावर ते, एकेकच फवारा, आणि कामाला लागायचं. तीनेक तासांनी हुंगायचं. तेव्हा टस्कन कोरडं, धुरकट, जरा उर्मट होतं आणि ला युकावम मऊ, गोडसर स्वेडकडे (मखमली चामड्याकडे) झुकतं. मला विचाराल तर ऑफिसला ला युकावमच बरं. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी डिओ वापरावा.

मनगटं एकमेकांवर घासू नका. कागदाच्या पट्टीवर हुंगून विकत घेऊ नका, कागदाला ना ऊब ना घाम. मध्येच कॉफीच्या बिया हुंगून काही होत नाही, दुकानाबाहेर येऊन उभे राहा. आणि बाटली बाथरूममध्ये ठेवून वर 'वास बदलला' म्हणून गळा काढू नका.

मुंबईच्या मे महिन्यात दोन्हीपैकी काहीही असो, दोन फवारे पुरे. सहा मारून लिफ्टमध्ये शिरणाऱ्यांना तुलनेबद्दल बोलायचा अधिकारच नाही, त्यांचं नाक केव्हाच गेलंय.