अर्ज निकाली, काम मात्र बाकी: सरकारी सेवा सुधारताना या चुका टाळा

सेवा सुधारायची ठरली की बहुतेक विभागांच्या हाताशी तेच तीन उपाय असतात: नवं पोर्टल, नवं परिपत्रक आणि दर आठवड्याला आढावा बैठक. काही महिन्यांत पडद्यावरचे आकडे हिरवे होतात, खिडकीपुढची रांग मात्र तसूभरही हलत नाही. यामागे कामचुकारपणा किंवा भ्रष्टाचारच असतो असं नाही. मेहनती अधिकारी, पुरेसा निधी आणि चांगला हेतू असूनही हे घडतं. कार्यालय आपण काय केलं ते मोजत राहतं. अर्जदाराचं काम झालं का, यासाठी रकानाच नसतो. खालच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

‘निकाली’च्या आकड्यावर विसंबणं

लक्षण असं: मुदतीत निपटाऱ्याचं प्रमाण झकास, तरी तक्रारी कमी होत नाहीत.

समजा, एखाद्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. अर्ज तेरा दिवस टेबलावर पडून राहतो. चौदाव्या दिवशी ‘त्रुटी : पत्त्याचा पुरावा अस्पष्ट’ असा शेरा पडतो आणि अर्ज परत जातो. अर्जदार नवी प्रत जोडतो, त्याला नवा क्रमांक मिळतो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. दुसऱ्या फेरीत कळतं की सहीही चुकीच्या जागी होती. तिसऱ्या फेरीत दाखला हातात पडतो. अर्जदाराच्या लेखी एका कामाला दीड महिना लागला. विभागाच्या लेखी तीन अर्ज आले आणि तिन्ही मुदतीत निघाले. गंमत म्हणजे नोंदवहीत एक अक्षरही खोटं नाही.

इंग्लंडमध्ये हा खेळ मोठ्या प्रमाणावर झाला. तिथल्या सार्वजनिक आरोग्यसेवेला २००० नंतरच्या दशकात लक्ष्य दिलं गेलं की आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णाला चार तासांच्या आत दाखल तरी करायचं, घरी तरी पाठवायचं किंवा दुसरीकडे तरी हलवायचं. त्याने प्रतीक्षा खरोखर घटली, हे मान्य करायला हवं. पण वेळेच्या नोंदी मांडून पाहिल्या तर चार तास भरण्याआधीच्या शेवटच्या काही मिनिटांतच रुग्ण हलवायची घाई उसळलेली दिसे. काही ठिकाणी घड्याळ सुरूच होऊ नये म्हणून रुग्णांना बाहेर रुग्णवाहिकेत थांबवलं जाई. कुटुंबवैद्याची भेट ४८ तासांत मिळावी, असंही एक लक्ष्य होतं. ते गाठायला काही दवाखान्यांनी ४८ तासांपुढची वेळ देणंच बंद केलं. पुढच्या आठवड्याची वेळ हवी असलेल्याने परत फोन करायचा! २००५ च्या निवडणुकीआधी एका महिलेने दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात हे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना तोंडावर सांगितलं, तेव्हा ते चकित झाले. त्यांच्या कार्यालयात तर २००१ पासून अशा लक्ष्यांचा पाठपुरावा करणारं खास पथक होतं.

म्हणून लक्ष्यं काढून टाका, असं मी म्हणणार नाही. मुदतच नसेल तर फाइल कुठेही झोपते. पण मुदतीबरोबर ती चुकवायच्या वाटाही बंद कराव्या लागतात. एका कामाला पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच क्रमांक ठेवा. त्रुटी काढायच्या तर सगळ्या एकदम आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच काढायच्या, असा नियम करा. मुदत संपायच्या आदल्या एक-दोन दिवसांत किती अर्ज ‘निघतात’ ते वेगळं पाहा. तिथे उंचवटा दिसला की समजावं, पाणी मुरतंय. आणि दर महिन्याला निकाली अर्जांतले वीसेक उचलून अर्जदारांना फोन करा. ‘काम झालं का? किती वेळा यावं लागलं?’ एवढे दोनच प्रश्न पुरतात. अट एकच, हे वीस अर्ज त्या कार्यालयाने निवडायचे नाहीत.

रांग दिसली की खिडकी वाढवणं

गर्दी म्हणजे मागणी, हे गणित पक्कं डोक्यात बसलेलं असतं. ब्रिटिश सल्लागार जॉन सेडन यांनी त्यातली गोम दाखवली. सेवेच्या दारात येणाऱ्या कामाचे दोन प्रकार असतात. एक खरं काम. दुसरं म्हणजे आधी काम नीट झालं नाही म्हणून मारलेला हेलपाटा. हा दुसरा प्रकार आपणच तयार केलेला असतो.

एक आठवडा खिडकीवर साधी वही ठेवा आणि आलेल्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. ‘माझ्या अर्जाचं काय झालं?’ ‘हे पत्र आलंय, पण यात करायचं काय ते कळत नाही.’ ‘नावात चूक झालीय, माझ्या अर्जात तर बरोबर होतं.’ ‘साहेब आज तरी आहेत का?’ अशी वाक्यं जितकी जास्त, तितकी तुमची रांग खोटी. पहिल्या प्रश्नाचा इलाज एक लघुसंदेश आहे. दुसऱ्याचा इलाज पत्राची भाषा. ‘आपले प्रकरण नियमोचित कार्यवाहीस्तव प्रलंबित आहे’ असं लिहिलेल्या पत्रामागून माणूस स्वतः येणारच; त्याला दुसरा मार्गच ठेवलेला नसतो. ही कारणं तशीच ठेवून खिडक्या वाढवल्या, तर हेलपाटे तेवढेच राहतात, फक्त ते जास्त खिडक्यांवर वाटले जातात.

कागदी कारभार जसाच्या तसा संगणकावर चढवणं

आठ सह्यांची प्रक्रिया ऑनलाइन केली की आठ ‘क्लिक’ची प्रक्रिया होते. वर अर्जदाराने भरलेल्या अर्जाची छापील प्रत सहीसह कार्यालयात जमा करावी, अशी तळटीप असतेच. म्हणजे काम दुप्पट.

पोर्टलची निविदा काढण्याआधी जुना अर्ज समोर घ्या आणि प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून विचारा, ही माहिती पुढे कोण वाचतं? तिच्यावरून कुठला निर्णय फिरतो? उत्तर ‘पूर्वीपासून आहे’ असं आलं की रकाना काढा. दुसरा प्रश्न: ही माहिती सरकारच्याच दुसऱ्या विभागाकडे आहे का? एस्टोनियाने २००१ मध्ये वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी एकमेकांना विचारता याव्यात अशी ‘एक्स-रोड’ नावाची यंत्रणा सुरू केली, आणि एकच माहिती गोळा करायला वेगळा माहितीसाठा उभारण्यास तिथल्या कायद्याने मनाई केली. लोक त्यातल्या तंत्रज्ञानाचं कौतुक करतात. माझ्या मते अवघड काम त्या मनाईचं होतं, कारण आपली यादी दुसऱ्या खात्याच्या भरवशावर सोडायला कुठलंच खातं राजी नसतं.

सगळं एका दिवसात, सगळ्यांसाठी सुरू करण्याचा हट्टही सोडा. अमेरिकेचं आरोग्यविम्याचं संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ ला असंच उघडलं आणि पहिल्या दिवशी मोजून सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. कंत्राटदार भरपूर होते. सगळं मिळून चालतंय का, याची जबाबदारी मात्र स्पष्टपणे कोणा एकाची नव्हती.

वरचा साहेब सोबत नसताना खालच्यावर पहारा बसवणं

कर्मचारी गैरहजर असतात, मग हजेरीचं यंत्र बसवा. हा उपाय उदयपूर जिल्ह्यात आरोग्य केंद्रांतल्या परिचारिकांवर करून पाहिला गेला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि रेचल ग्लेनरस्टर यांनी त्याचा अभ्यास केला. वेळ आणि तारखेचा शिक्का मारणारं यंत्र, गैरहजेरीला पगारकपात, देखरेखीला एक स्वयंसेवी संस्था. सुरुवातीला हजेरी चांगली वाढली. पण सुमारे दीड वर्षात परिणाम पार विरला. यंत्र ठीक होतं. जिल्ह्याच्या आरोग्य प्रशासनानेच ‘सूट’ दिलेले दिवस वाढवत नेले होते. परिचारिका केंद्रात नाही, पण कागदोपत्री गैरहजरही नाही.

तेव्हा कुठलीही देखरेख सुरू करताना आधी हे पाहा की सूट, माफी, ‘विशेष बाब’ हे शिक्के कोणाच्या हातात आहेत. ते वापरले की त्यांचा आकडाही त्याच अहवालात दिसला पाहिजे.

पथदर्शी प्रकल्पाच्या यशावर भाळणं

केनियात कंत्राटी शिक्षक नेमण्याचा एक प्रयोग दोन हातांनी झाला. काही शाळांत स्वयंसेवी संस्थेने राबवला, काही शाळांत सरकारने. योजना एकच. संस्थेच्या शाळांत मुलांचे गुण वाढले. सरकारने राबवलेल्या शाळांत काहीच फरक पडला नाही.

हे सांगितलं की ‘सरकार निकम्मं’ असा शेरा लगेच येतो. पण खरा प्रश्न प्रयोगाच्या आखणीचा आहे. प्रयोग करतात निवडक तालुक्यात, उत्साही अधिकाऱ्याच्या हाताखाली, रोज चौकशी करणाऱ्या पथकासह. विस्तार होतो तो या तिन्हींशिवाय. मग चाचणी कशाची झाली? पथदर्शी प्रकल्प मुद्दाम जरा रडक्या ठिकाणी घ्या, नेहमीचे कर्मचारी आणि नेहमीच्याच खर्चात. तिथे अर्धं यश मिळालं तरी ते पुढे टिकायची शक्यता जास्त.

पैसा सुटला म्हणजे पोचला असं धरणं

युगांडात १९९१ ते १९९५ या काळात शाळांना सरकारने पाठवलेल्या अनुदानातला सरासरी १३ टक्केच हिस्सा शाळांच्या हातात पडत होता, असं पाहणीत आढळलं. पुढे किती रक्कम पाठवली ते वर्तमानपत्रांत आणि शाळेच्या भिंतीवर जाहीर होऊ लागलं, आणि हा हिस्सा काही वर्षांत ८० टक्क्यांच्या वर गेला. श्रेय एकट्या जाहिरातीचं की त्याच वेळी झालेल्या इतर सुधारणांचंही, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण शाळेला स्वतःची रक्कमच माहीत नसेल, तर ती मागणार काय?

खिडकीवरच्या माणसाचे हात बांधणं

ही चूक सर्वांत कमी चर्चेत असते आणि मला ती सर्वांत महागडी वाटते. अर्जदाराच्या दोन कागदांवर नावात एका वेलांटीचा फरक आहे. समोरच्या लिपिकाला ते उघड कळतं की माणूस तोच आहे. तरी तो प्रतिज्ञापत्र आणायला सांगतो. तो आडमुठा आहे म्हणून नाही. त्याने मंजूर केलं आणि पुढे गफलत निघाली तर चौकशी त्याच्यावर येईल. त्याने परत पाठवलं आणि ते चुकीचं निघालं, तर त्याला कोणी काही विचारणार नाही. अशा हिशेबात कोणीही शहाणा माणूस परतच पाठवेल. सौजन्याचं प्रशिक्षण दिलंत तर फार तर तो गोड बोलून परत पाठवेल.

इथे हिशेबच बदलावा लागतो. किरकोळ तफावती कोणत्या आणि त्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या सहीने सोडवायच्या, हे लेखी द्या. त्या मर्यादेत चूक झाली तर ती कार्यालयाची, त्याची एकट्याची नव्हे, हेही त्याच आदेशात लिहा. नकाराला कारण आणि वरिष्ठाची सही सक्तीची करा, मंजुरीला नको. आणि लेखापरीक्षणात मंजूर प्रकरणांच्या जोडीने नामंजूर आणि परत पाठवलेल्या प्रकरणांचाही नमुना तपासायला लावा. पात्र माणसाला विनाकारण परत पाठवल्याचा आक्षेप एकदा लेखी निघाला की पुढच्या वेलांटीसाठी प्रतिज्ञापत्र मागताना लिपिक दोनदा विचार करतो.