लिंक उघडताना चुकून ‘नेहमी’ निवडले गेल्यास ती निवड कशी रद्द करावी

व्हॉट्सॲपवर आलेली लिंक दाबली की काही अँड्रॉइड फोनवर खालच्या बाजूला ब्राउझरची यादी उघडते आणि तिथेच ‘फक्त एकदाच’ व ‘नेहमी’ हे दोन पर्याय शेजारी शेजारी दिसतात. घाईत बोट ‘नेहमी’वर पडले, तर ती यादी पुन्हा दिसत नाही. माझ्या आईच्या फोनवर नेमके हेच झाले. विजेच्या बिलाचे पान अशा ब्राउझरमध्ये उघडू लागले, ज्यात तिचा पासवर्ड साठवलेला नव्हता, आणि आपले खातेच बंद पडले अशी तिची समजूत होऊन ती दोन दिवस काळजीत होती.

ही निवड लिंकमध्ये किंवा व्हॉट्सॲपमध्ये साठवलेली नसते, तर फोनच्या सेटिंग्जमध्ये असते. त्यामुळे व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकल्याने काहीही साधत नाही.

प्रथम सेटिंग्जमध्ये जाऊन ‘ॲप्स’ आणि त्यानंतर ‘डीफॉल्ट ॲप्स’ (डीफॉल्ट म्हणजे फोन न विचारता आपोआप वापरतो ती ठरलेली निवड) उघडावे. कंपनीनुसार ही नावे थोडी बदलतात. सापडत नसल्यास सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘डीफॉल्ट’ असे लिहावे. तेथे ‘ब्राउझर ॲप’ दाबून हवा तो ब्राउझर निवडावा. बहुतेक फोनवर एवढ्याने काम होते.

जुन्या अँड्रॉइडवर ती यादीच परत आणायची असेल, तर ‘ॲप्स’मध्ये चुकून निवडलेल्या ब्राउझरचे नाव दाबून त्याच्या माहितीच्या पानावरील ‘बाय डीफॉल्ट उघडा’ या भागात जावे आणि डीफॉल्ट साफ करण्याचा पर्याय निवडावा. येथे मात्र अतिशय सावध राहावे. त्याच ॲपच्या ‘स्टोरेज’ भागात डेटा साफ करण्याचेही बटण असते. ते दाबल्यास ब्राउझरचा इतिहास, उघडी पाने आणि लॉगिन पुसले जातात, तर डीफॉल्ट साफ केल्याने यांपैकी कशालाही धक्का लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना फोनवरून सांगत असाल, तर हा फरक आधी समजावून सांगावा आणि मगच बटण दाबायला सांगावे.

लिंक ब्राउझरऐवजी एखाद्या खरेदीच्या किंवा व्हिडिओच्या ॲपमध्ये उघडत असेल, तर त्या ॲपच्या माहितीच्या पानावर ‘बाय डीफॉल्ट उघडा’मध्ये जाऊन लिंक उघडण्याची परवानगी बंद करावी. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून, ज्या ॲपला त्या संकेतस्थळासाठी मान्यता नाही, त्याऐवजी लिंक थेट ठरलेल्या ब्राउझरमध्ये उघडते. म्हणून नव्या फोनवर ती यादी सहसा दिसतच नाही.

आयफोनवर जीमेल वापरणाऱ्यांनी जीमेलच्याच सेटिंग्जमध्ये ‘डीफॉल्ट ॲप्स’ उघडून, कोणते ॲप वापरायचे हे दर वेळी विचारण्याचा पर्याय सुरू करावा. तेथे साठवलेली निवड जीमेलपुरतीच असते.

बदल केल्यावर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच एखादी लिंक पाठवून ती उघडून पाहावी. व्हॉट्सॲपवरून ती योग्य ब्राउझरमध्ये उघडते, पण अँड्रॉइडवरील जीमेलमधून मात्र जीमेलच्या आतच उघडते, असे दिसल्यास डीफॉल्टला पुन्हा हात लावू नये. जीमेलच्या सामान्य सेटिंग्जमधील, लिंक जीमेलमध्येच उघडण्याचा पर्याय तेवढा बंद करावा.