दहावी-बारावीचं पोरगं सारखं चिडतंय? या चुका टाळा

डिप्रेशन म्हणजे कोपऱ्यात बसून रडणारं मूल असं डोक्यात असेल तर ते आधी काढा, कारण या वयात ते रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं, शब्दाला शब्द वाढतो, दार आपटलं जातं, डबा तसाच परत येतो आणि आपण म्हणतो लाडावलाय नुसता.

बघायचं काय, तर बदल. रोज खाली क्रिकेट खेळणारा जायचाच बंद होतो, मित्रांचे फोन उचलत नाही, पोटात दुखतंय म्हणून शाळा बुडवतो आणि सोनोग्राफी नॉर्मल येते. असं २ आठवडे जवळपास रोज चाललं असेल तर 'परीक्षा झाली की होईल नीट' म्हणत बसू नका.

सगळ्यात जास्त गडबड बोलण्यात होते. पोरगं कसंबसं म्हणतं, "मला काहीच करावंसं वाटत नाही," आणि बाबा सुरू, "तुला काय कमी आहे? आमच्या वेळी..." झालं, पुढच्या वेळी ते सांगणारच नाही. "कधीपासून वाटतंय असं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा, खरंच गप्प. समोर बसवून चौकशी नको, स्कूटरवर मागे बसल्यावर पोरं जास्त मोकळी बोलतात. लातूरला नाहीतर कोट्याला होस्टेलवर असेल तर फोनवर पहिला प्रश्न टेस्टच्या मार्कांचा नको, जेवलास का, झोपलास का ते विचारा.

मोबाईल हिसकावणं ही अजून एक चूक. मित्र पण त्यातच असतात ना. त्यापेक्षा रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, तुमचाही! या वयात ८ ते १० तास झोप लागते, पहाटेच्या क्लासपायी ती जात असेल तर बॅच बदला सरळ.

'जगावंसं वाटत नाही का' असं विचारलं तर डोक्यात नको ते भरेल अशी भीती असते, तसं होत नाही, उलट सांगायला वाट मिळते. हो म्हणालं तर एकटं सोडायचं नाही, घरातली गोळ्या-औषधं, फवारणीचं औषध कुलपात, आणि त्याच दिवशी डॉक्टर. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन १४४१६ फुकट आहे, २४ तास, मराठीतही बोलतात.

बाकी 'वेडा ठरवतील, मुलगी असेल तर लग्नाला अडचण' वगैरे म्हणून सायकियाट्रिस्टला टाळणारे भरपूर. प्रत्येकाला गोळ्या लागतातच असं नाही, कधी नुसतं काउन्सेलिंग पुरतं. थायरॉईड, हिमोग्लोबिनही तपासून घ्या. गोळ्या दिल्याच तर फरक पडायला काही आठवडे जातात, आणि पोरगं हसायला लागलं म्हणून डॉक्टरांना न विचारता त्या बंद करू नका.