मऊ फ्रॉस्टेड शुगर कुकीज: पीठ चिकटलं तरी मैदा वाढवू नका

शुगर कुकी कडक झाली की दोष ओव्हनवर जातो. ओव्हनचा वाटा असतोच, पण बहुतेक वेळा कुकी त्याआधीच, लाटताना बिघडलेली असते. पीठ हाताला चिकटतं म्हणून मूठभर मैदा भुरभुरायचा, लाटण्याला चिकटलं की आणखी मूठभर, आणि असं करत करत मऊ कुकीचं पीठ साध्या बिस्किटाचं होऊन जातं. ‘पीठ चिकटेनासं होईपर्यंत मैदा घालत राहा’ असं ज्या कृतीत लिहिलं असेल, ती कृती तिथेच बाजूला ठेवा. या कुकीचं पीठ चिकटच असतं. मैदा न वाढवता ते लाटायचं कसं, एवढंच काय ते शिकायचं आहे.

खालच्या मापात साडेसहा सेंटीमीटर व्यासाच्या, जाडजूड अशा 22 ते 24 कुकीज होतात.

पिठासाठी मैदा 330 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर 30 ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, बेकिंग सोडा पाव छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, बिनमिठाचं बटर 115 ग्रॅम, बारीक दाण्याची साखर 200 ग्रॅम, एक अख्खं अंडं आणि एक जास्तीचं पिवळं, सावर क्रीम 120 ग्रॅम, व्हॅनिला इसेन्स दोन छोटे चमचे. सावर क्रीम नसेल तर फडक्यात बांधून पाणी पूर्ण निथळलेलं दही चालतं. पातळ दही चालत नाही, त्यातलं पाणी पिठाला सैल करतं आणि मग पुन्हा मैद्याकडेच हात जातो.

फ्रॉस्टिंगसाठी बिनमिठाचं बटर 115 ग्रॅम, आयसिंग शुगर 260 ग्रॅम, फ्रेश क्रीम दोन मोठे चमचे, व्हॅनिला एक छोटा चमचा, चिमूटभर मीठ.

मैदा वजनकाट्यावरच मोजा. कप मैद्यात खुपसून भरला तर त्यात 150 ग्रॅमपर्यंत मैदा बसतो, आणि चमच्याने हलका भरला तर 120 ते 125. तीन कपांच्या कृतीत हा फरक 75 ग्रॅमच्या पुढे जातो. कृती तीच असून कुणाच्या कुकीज मऊ आणि कुणाच्या कोरड्या होतात, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

मापात काय बदलता येतं आणि काय नाही, हेही आधीच सांगून ठेवते. कॉर्नफ्लोअरमुळे मैद्यातल्या प्रथिनाचं प्रमाण कमी होतं, ग्लुटेन कमी तयार होतं आणि कुकी ठिसूळ-मऊ राहते, तेव्हा ते वगळू नका. दुसऱ्या अंड्याचं फक्त पिवळंच घ्यायचं, कारण पांढरं भाजल्यावर घट्ट होतं आणि कुकी कोरडी करतं. साखर कमी करण्याचा मोह टाळा. ती गोडीपुरती नसते, पाणी धरून ठेवते. 200 ची 150 ग्रॅम केली तर कुकी दुसऱ्या दिवशीच सुकलेली लागेल. गोडी कमी हवी असेल तर फ्रॉस्टिंगचा थर पातळ लावा. सोडा मात्र पाव चमच्याच्या वर नको. सावर क्रीमचा आंबटपणा मारायला तेवढा पुरतो. जास्त झाला तर कुकी लवकर तांबूस होते आणि साबणासारखी चव मागे राहते.

पीठ

बटर 18 ते 20 अंशांवर असावं: बोट दाबलं तर खड्डा पडतो, पण बोट तेलकट होत नाही. मायक्रोवेव्हमध्ये कडेने वितळलेलं बटर वापरू नका, त्यात हवा धरत नाही आणि कुकी पसरते. अंडं आणि सावर क्रीम फ्रिजबाहेर काढून ठेवलेली असावीत.

बटर आणि साखर मध्यम वेगावर दोन मिनिटं फेटा, त्याहून जास्त नाही. केकसारखं पाच-सात मिनिटं फेटून हलकं केलं तर आत फार हवा भरते, कुकी ओव्हनमध्ये फुगते आणि बाहेर आली की मधोमध बसते. अंडं, पिवळं आणि व्हॅनिला घालून एकजीव करा, मग सावर क्रीम. मिश्रण फाटल्यासारखं दिसलं तर काळजी नको, मैदा पडला की ते जुळून येतं.

कोरडे जिन्नस एकत्र चाळून दोन वेळा करून घाला, बीटर सर्वांत कमी वेगावर ठेवा. कोरड्या मैद्याच्या रेषा जवळजवळ दिसेनाशा झाल्या की बीटर बंद. उरलेलं स्पॅच्युलाने, तळापासून वर घेत मिसळा. हे पीठ मळायचं नसतं.

आता ते हाताला चिकटणार आहे. बरोबर जमलेलं पीठ चमच्याने उचललं तर चमच्यावर टिकून राहतं, खाली ओघळत नाही. स्पॅच्युलाने खरवडलं की भांड्याच्या कडा सोडतं. पण बोट दाबून काढलं तर बोटाला पातळ थर लागतो. हे असंच असायला हवं. मैद्याने अजून सगळं पाणी शोषलेलं नसतं आणि बटर मऊ असतं, म्हणून चिकटतं. दोन तास थंडीत राहिलं की मैदा पाणी ओढून घेतो, बटर घट्ट होतं आणि तेच पीठ सुरीने स्वच्छ कापता येतं. चिकटपणा दोन तासांचा असतो, तो घालवायला टाकलेला मैदा मात्र कुकीत कायमचा राहतो. पीठ चमच्यावरून खरंच ओघळत असेल, तर दही किंवा क्रीम पातळ होतं असं समजा. अशा वेळी आधी तासभर फ्रिजमध्ये ठेवा, आणि तरीही सैल वाटलं तरच मैदा घाला, तोही मोजून, 15 ग्रॅमच्या वर नाही.

लाटणं: इथेच सगळं ठरतं

नेहमीचा सल्ला असा असतो की पिठाचा गोळा करून फ्रिजमध्ये ठेवा, घट्ट झाला की काढा, ओट्यावर मैदा पसरा आणि लाटा. हा क्रमच उलटा आहे. थंड गोळा दगडासारखा कडक असतो. जोर लावला की कडांना तडे जातात. म्हणून तो मऊ होण्याची वाट पाहायची, तर बाहेरचा भाग सैल होऊन ओट्याला चिकटतो आणि आतला अजून कडकच राहतो. मग मैदा येतोच. आधी लाटा, मग थंड करा.

बेकिंग पेपरचे साधारण 30 बाय 30 सेंटीमीटरचे चार तुकडे कापा. पिठाचे दोन समान भाग करा. एक भाग कागदावर ठेवा, वरून दुसरा कागद घाला, आधी तळहाताने चपटा करा आणि मग कागदावरूनच लाटा. मऊ पीठ सहज सरकतं. लाटताना कागदाला चुण्या पडतात, आणि त्या तशाच राहिल्या तर कुकीच्या पृष्ठभागावर रेघा म्हणून उमटतात. त्यामुळे दोन-तीन वेळा वरचा कागद सोलून पुन्हा सपाट घाला, सगळं उलटं करा आणि दुसऱ्या बाजूचा कागदही तसाच सैल करून घ्या.

जाडी 9 मिलिमीटर. कमी नाही. बाजारात मिळणाऱ्या कडक, नक्षीदार कुकीज 5-6 मिलिमीटरच्या असतात, आणि बऱ्याच कृती तीच जाडी सांगतात. त्या जाडीत मऊ कुकी होत नाही, कारण कडा भाजून होईपर्यंत मधला भागही सुकून गेलेला असतो. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका. 9 मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या पिठाच्या दोन्ही बाजूंना ठेवा आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवा. एकाच ट्रेमधल्या काही कुकीज कच्च्या आणि काही करपलेल्या निघण्यामागे बहुतेकदा असमान जाडीच असते. प्रत्येक भागाची अंदाजे 20 बाय 20 सेंटीमीटरची लादी तयार होईल.

दोन्ही लाद्या कागदांसकट सपाट ट्रेवर ठेवून फ्रिजमध्ये किमान दोन तास ठेवा. घाई असेल तर फ्रीझरमध्ये 40 मिनिटं. दुसऱ्या दिवशी भाजायच्या असतील तर रात्रभर ठेवल्या तरी बिघडत नाही, फक्त वरून झाकून घ्या.

लादी बाहेर काढल्यावर लगेच साचा मारू नका. आधी वरचा कागद सोला, तो पुन्हा नुसता टेकवून ठेवा, लादी उलटी करा आणि आता वर आलेला कागद पूर्ण काढून टाका. असं केलं की लादी दोन्ही बाजूंनी मोकळी होते आणि कापलेली कुकी खालच्या कागदाला धरून ताणली जात नाही. हे न केल्याने गोल कुकीज लांबट होतात.

साचा मैद्यात बुडवा, झटका आणि सरळ खाली दाबा. पिळू नका. पिळल्याने कड ओढली जाते आणि कुकी एका बाजूला कलून फुगते. दुसरी लादी तोवर फ्रिजमध्येच राहू द्या. उरलेले तुकडे मळून गोळा न करता एकाशेजारी एक लावा, थोडे एकमेकांवर चढवा, पुन्हा दोन कागदांमध्ये दाबून लाटा आणि थंड करा. असं एकदाच. तेच तुकडे आणखी एकदा लाटले तर कुकीज चिवट लागतात. कापलेले तुकडे हातात लवचीक वाटू लागले तर ट्रेसकट 15 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि मगच भाजा.

भाजणं

ओव्हन 175 अंशांवर, वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू. पंखा चालणारा असेल तर 160. दिवा विझला म्हणजे हवा तापली, भिंती अजून नाहीत, तेव्हा एकूण 20 मिनिटं तापू द्या. फिकट रंगाचा ट्रे, मधला कप्पा, एका वेळी एकच ट्रे, कुकीजमध्ये चार सेंटीमीटर अंतर. पहिली खेप काढलेल्या गरम ट्रेवर दुसरी खेप मांडायची नाही. त्यावर बटर ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतं.

वेळ 9 ते 11 मिनिटं, पण घड्याळापेक्षा पृष्ठभागाकडे बघा. कच्ची कुकी ओलसर चमकते. ती चमक कडेकडून आत विरत जाते आणि मधोमधची जागाही मंद दिसू लागली की त्याच क्षणी ट्रे बाहेर काढायचा. कड बोटाने हलकेच स्पर्शून पाहिली तर दबत नाही, मधला भाग मात्र दबतो. वरून कुकी पांढुरकीच असते आणि तळ फार तर फिकट सोनेरी. ‘कडा सोनेरी होईपर्यंत भाजा’ हा सल्ला कडक कुकीसाठी ठीक आहे. इथे कड सोनेरी दिसली म्हणजे दोन मिनिटं उशीर झालेला असतो, आणि ही चूक फ्रॉस्टिंगने झाकली जाते पण सुधारत नाही. बाहेर काढलेल्या कुकीज गरम ट्रेवर पाच मिनिटं राहू द्या, आतला भाग तेवढ्यात शिजून स्थिर होतो. त्याआधी उचलल्या तर मोडतात. मग जाळीवर.

नव्या ओव्हनमध्ये सगळ्या कुकीज एकदम घालू नका. एकच कुकी भाजा, गार झाली की मोडून बघा. आत चिकट पट्टा असेल तर एक मिनिट वाढवा, चुरा सांडत असेल तर एक मिनिट कमी करा. पसरून पातळ झाली असेल तर वेळेला हात लावू नका, पीठ पुरेसं थंड नव्हतं.

फ्रॉस्टिंग

बटर एकटंच तीन-चार मिनिटं फेटून फिकट करा. चाळलेली आयसिंग शुगर तीन भागांत, कमी वेगावर. मग मीठ, व्हॅनिला, क्रीम, आणि मध्यम वेगावर दोन मिनिटं. शेवटी बीटर बाजूला ठेवून मिनिटभर स्पॅच्युलाने भांड्याच्या कडेला दाबत फिरवा, म्हणजे बुडबुडे निघतात आणि थर गुळगुळीत बसतो. साखर मिक्सरमध्ये घरीच दळणार असाल तर 100 ग्रॅमला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर घाला आणि सर्वांत बारीक चाळणीतून दोनदा काढा. एवढं करूनही बाजारच्या आयसिंग शुगरइतकी मुलायम होत नाही. रंग जेलचाच वापरा, आणि हवा त्याहून थोडा फिका ठेवा, कारण तासाभरात तो गडद होतो. अंड्याच्या पांढऱ्याचं रॉयल आयसिंग या कुकीवर नको. ते वाळून कडक कवच होतं आणि खालची मऊ कुकी चावताना चिरडते.

कुकी पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रॉस्टिंग लावू नका. कोमट कुकीवर बटर वितळतं आणि थर घसरतो. एका कुकीला 15 ते 18 ग्रॅम पुरतं. रंगीत दाणे लावायचे असतील तर लगेच, कारण थोड्या वेळाने वर पातळ साय धरते आणि दाणे चिकटत नाहीत. एक-दोन तासांनी ती साय पुरेशी धरली की कुकीज कागद घालून एकावर एक ठेवता येतात.

हवाबंद डब्यात, थंड जागी दोन दिवस. दुसऱ्या दिवशी त्या जास्त मऊ लागतात, डब्यातला ओलावा कडेपर्यंत सारखा पसरलेला असतो. हवा गरम असेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि खाण्याआधी अर्धा तास डबा न उघडता बाहेर काढून ठेवा, म्हणजे दंव डब्याच्या बाहेरच्या बाजूला जमतं, फ्रॉस्टिंगवर नाही. जास्त दिवसांसाठी फ्रॉस्टिंग न लावलेल्या कुकीज फ्रीझरमध्ये दोन महिने टिकतात. त्याही बंद डब्यातच वितळू द्या.