दवाखान्यात अडवलं तर काय करायचं, बेळगाव सीमाभागातल्या माणसांसाठी

मागच्या पावसाळ्यात आमची आत्या गेली. खानापूर तालुक्यातलं गाव, रात्री दीडला छातीत दुखायला लागलं म्हणून गाडी करून बेळगावात एका प्रायव्हेट दवाखान्यात आणलेलं, चार दिवस आयसीयू आणि पाचव्या दिवशी सकाळी संपलं सगळं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला नव्वद हजार बाकी आहेत, भरा आणि बॉडी न्या. आतेभाऊ वहिनीच्या पाटल्या घेऊन सोनाराकडं निघालेला, मी पण त्याच्याबरोबर जिना उतरत होतो, कारण मलापण तेव्हा वाटायचं की असंच असतंय, बिल भरल्याशिवाय देत नाहीत. खाली एक हुक्केरीकडचे रिटायर मास्तर भेटले, त्यांचा पेशंट पण वरच होता, ते म्हणाले सोनाराकडं नंतर जावा, आधी डीएचओ म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या ऑफिसला फोन लावा. लावला. तासाभरात बॉडी ताब्यात दिली. बिल माफ झालं नाही हां, ते नंतर हप्त्यानं फेडलं, पण पाटल्या राहिल्या आणि आत्या दुपारच्या आत गावाला पोचली.

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, अर्ज करून घ्यायला माणसं येतातच, तेव्हापासून दवाखान्याचा अर्ज आला की मी नीट बघून टाइप करतो. त्यातनं जे कळलंय ते इथं लिहितोय. मी वकील नाही.

पहिली गोष्ट, दवाखाना कुठल्या राज्यात उभा आहे ते बघा. आपल्याकडं हे फार महत्त्वाचं आहे कारण निपाणीचा माणूस कोल्हापूरला जातो, अथणी कागवाडचा मिरजेला, खानापूर लोंढ्याचा गोव्याला, आणि तिकडनं चंदगडची माणसं बेळगावला येतात. तुमचं रेशनकार्ड कर्नाटकाचं असूदे नाहीतर महाराष्ट्राचं, दवाखान्याच्या कारभाराला कायदा लागतोय तो दवाखान्याच्या जागेचा. मिरजेच्या दवाखान्याची तक्रार घेऊन बेळगावच्या डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसात गेलेली माणसं मी बघितलीत, तिथला क्लार्क बिचारा काय करणार.

बेळगाव जिल्ह्यातल्या प्रायव्हेट दवाखान्याला, लॅबला, नर्सिंग होमला कर्नाटकाचा २००७ चा खासगी वैद्यकीय संस्था कायदा लागतो, लोक केपीएमई म्हणतात. २०१७ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा डॉक्टरांचा संपपण झालेला, आठवत असेल. त्यात आपल्या कामाचं एवढं आहे. रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट आणि दर दिसतील असे लावायचे. इमर्जन्सीत आलेल्या पेशंटला आधी अ‍ॅडव्हान्स भरा मग बघतो असं म्हणायचं नाही. आणि पेशंट वारला तर बाकी पैशासाठी बॉडी अडवायची नाही, पैसे नंतर वसूल करायचे. तक्रार ऐकायला जिल्ह्याचं प्राधिकरण आहे, त्याचे अध्यक्ष डीसी, आणि कामकाज बघायला डीएचओ. म्हणून मास्तरांनी डीएचओ म्हटलं, पोलीस म्हटलं नाही.

इमर्जन्सीचं तर सुप्रीम कोर्टानं १९८९ सालीच परमानंद कटारा केसमध्ये सांगून ठेवलंय, सरकारी असो खासगी असो, आधी जीव वाचवायचा, पोलीस केस आहे म्हणून थांबायचं नाही. हे देशभर लागू आहे, मिरजेतपण, गोव्यातपण.

आता अर्ज कसा लिहायचा ते, कारण इथंच सगळे घोळ घालतात. माणसं येतात आणि सांगतात लिहा, डॉक्टरनी लुटलं, माणुसकी नाही, गरिबाला कोण वाली नाही. खरं असेल सगळं, पण त्यावर अधिकाऱ्याला काही करता येत नाही. त्याला लागतंय ते असं: पेशंटचं नाव आणि आयपी नंबर म्हणजे अ‍ॅडमिट करताना दिलेला नंबर, अ‍ॅडमिट केलेली तारीख आणि वेळ, कोण काय बोललं ते त्याच शब्दात, म्हणजे "बिलिंग काउंटरवर सकाळी ९ वाजता सांगितलं की पूर्ण रक्कम भरल्याशिवाय मृतदेह देणार नाही" असं, किती पैसे मागितले, किती भरले, पावत्यांची झेरॉक्स, आणि शेवटी तुम्हाला नक्की काय पाहिजे. बॉडी पाहिजे, का आयटमवार बिल पाहिजे, का जादा घेतलेले पैसे परत पाहिजेत. एका अर्जात एकच मुद्दा ठेवा, म्हणजे फिरवता येत नाही. दोन कॉपी घेऊन जावा आणि आपल्या कॉपीवर शिक्का, तारीख, सही घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं धरा. शिक्का देत नसतील तर तिथं वाद घालू नका, पोस्टात जाऊन स्पीड पोस्टनं पाठवा, पोचपावतीसह.

अर्ज मराठीत चालतो का, हा प्रश्न रोज येतो. चालतो. घटनेचं कलम ३५० सांगतंय की गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रातल्या किंवा राज्यातल्या वापरातल्या कुठल्याही भाषेत देता येतो, आणि तो कुठल्याही अधिकाऱ्याला. त्यामुळं "कन्नडमध्ये लिहून आणा" म्हणून परत पाठवलं तर अर्जावर वरच "घटना कलम ३५० अन्वये मराठीत अर्ज" अशी ओळ टाका. पण माझा अनुभव विचाराल तर मी मराठी अर्जाच्या मागं कन्नड भाषांतर टाचून देतो. हक्क म्हणून नाही, काम लवकर होतंय म्हणून. काहीजणांना हे पटत नाही, माझ्याशी भांडलेत पण, असूदे, घरात पेशंट आहे तोवर तरी मी भाषेची लढाई काउंटरवर लढणार नाही.

मात्र एका ठिकाणी भाषेचं सोडायचं नाही, ते म्हणजे ऑपरेशनच्या आधीची संमतीची सही. बेळगावात बहुतेक डॉक्टर सिस्टर मराठी बोलतात, बोलण्याची अडचण नसतेच, अडचण कागदाची. फॉर्म इंग्लिश नाहीतर कन्नड, आणि आपली म्हातारी अंगठा उठवायला तयार बसलेली. सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये समीरा कोहली केसमध्ये सांगितलंय की पेशंटला उपचार काय, धोका काय, दुसरा पर्याय काय हे पुरेसं सांगून घेतलेली संमतीच खरी, आणि एका ऑपरेशनसाठी दिलेली सही दुसऱ्या ऑपरेशनला चालत नाही, जीवाचा धोका असला तरच अपवाद. तर सही करायच्या आधी म्हणा, बाई हे मराठीत सांगा, आणि सांगितल्यावर सहीशेजारी आपल्या हातानं लिहा "मराठीत समजावून सांगितले, समजले". सांगितलं नसेल तर तेवढं लिहू नका, नाहीतर उद्या तेच तुमच्यावर उलटतंय.

कागदपत्रं. केसपेपर, रिपोर्ट, डिस्चार्ज समरी, आयटमवार बिल. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात आहे की पेशंटनं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं रेकॉर्ड मागितलं तर डॉक्टरनं ७२ तासात द्यायचं, आणि अ‍ॅडमिट पेशंटचं रेकॉर्ड ३ वर्षं जपायचं. तोंडी मागितलं की "उद्या या" होतंय, म्हणून लेखी मागा आणि मागितल्याची वेळ टाका. भांडण व्हायच्या आधी मागितलेलं बरं, नंतर फाइल सापडत नाही, का सापडत नाही ते तुम्हीच समजा.

मिरज किंवा कोल्हापूरच्या दवाखान्यासाठी महाराष्ट्राचा १९४९ चा नर्सिंग होम कायदा आणि त्याचे २०२१ चे सुधारित नियम आहेत. तिथंपण पेशंटच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक लावायचं आहे, तिथंपण बॉडी अडवता येत नाही. महापालिका हद्दीतल्या दवाखान्याची तक्रार त्या महापालिकेच्या आरोग्य विभागाकडं करायची, मिरज म्हणजे सांगली मिरज कुपवाड महापालिका.

आणि हे बऱ्याच लोकांना माहीतच नाही, उपचारात हलगर्जी झाली आणि पैशाची भरपाई पाहिजे असेल तर मिरजेला हेलपाटे मारायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात केस घालता येते, म्हणजे तुम्ही उगारचे असाल तर बेळगावात. मुदत २ वर्षं. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. दवाखाना ग्राहक कायद्यात येतो हे १९९५ ला व्ही. पी. शांता केसमध्ये ठरलंय, फक्त जिथं सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात असा दवाखाना त्यात येत नाही. पण हलगर्जी सिद्ध करायला बहुतेक वेळा दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतंय, नुसतं पेशंट वारला म्हणून डॉक्टर चुकला असं कोर्ट धरत नाही, हे मनाला लावून घेऊ नका पण तयारी ठेवा.

स्कीमचं थोडक्यात. आपल्याकडं आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक, बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के आणि वर्षाला दीड लाखांपर्यंत. इमर्जन्सी सोडली तर बरेच उपचार आधी सरकारी दवाखान्यात, तिथं सोय नसेल तर त्यांचं रेफरल घेऊन प्रायव्हेटला. रेफरल न घेता थेट गेला की कॅशलेस अडकतंय, निम्म्या तक्रारी ह्याच्याच असतात. दवाखान्यात आरोग्य मित्र म्हणजे स्कीमचं काम बघणारा माणूस बसतो, अ‍ॅडमिट होताना त्याला गाठा, डिस्चार्जला नाही. २०२३ ला महाराष्ट्र सरकारनं ८६५ सीमावर्ती गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केली आणि कर्नाटक सरकारनं त्याला विरोध केला, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. त्याच्या भरवशावर पेशंट घेऊन सीमा ओलांडू नका, निघायच्या आधी त्या दवाखान्यातल्या योजनेच्या डेस्कला फोन करून विचारा.

आता म्हाताऱ्या माणसांचं, आणि हे जरा लांबणार आहे. २०२५ च्या मार्चमध्ये मंत्री शरणप्रकाश पाटील यांच्या बैठकीत विषय निघाला की बेळगावच्या बिम्समध्ये म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दीडशेच्या वर आईबापांना पोरांनी आणून सोडलंय. जेवण मिळतंय, कपडे मिळतात, म्हणून सोडून जातात, आणि बऱ्याच ठिकाणी घर शेत आधीच पोरांच्या नावावर करून घेतलेलं. माझ्याकडंपण अशी माणसं येतात, अर्ज सांगताना पोराचं नाव घेताना अडखळतात, पोराला जेल नको म्हणतात, फक्त औषधाला पैसे द्यायला सांगा म्हणतात.

त्यांच्यासाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. अर्ज एसी म्हणजे असिस्टंट कमिशनरकडं, आपल्या जिल्ह्यात बेळगाव, बैलहोंगल आणि चिकोडी अशी तीन एसी ऑफिसं आहेत. वकील लागत नाही. म्हातारा स्वतः येऊ शकत नसेल तर त्यानं नेमलेला माणूस किंवा संस्था अर्ज देऊ शकते. महिन्याला १०,००० पर्यंत पोटगी ठरवता येते आणि नोटीस लागल्यापासून ९० दिवसात निकाल द्यायचा असतो. मूलबाळ नसेल तर ज्याला वारसानं इस्टेट मिळणार किंवा मिळाली आहे त्या नातेवाइकाकडं मागता येते. म्हाताऱ्या माणसाला सांभाळायची जबाबदारी असून टाकून दिलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

सगळ्यात मोठं आहे कलम २३. सांभाळायच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिलं आणि सांभाळलं नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. इथं घोळ असा की २०२२ ला सुप्रीम कोर्टानं म्हटलं अट होती हे दिसलं पाहिजे, २०२५ च्या जानेवारीत उर्मिला दीक्षित केसमध्ये म्हटलं हा कायदा म्हाताऱ्यांच्या बाजूनं उदारपणे वाचा. तुम्ही कोर्ट काय म्हणेल त्याची वाट कशाला बघताय, बक्षीसपत्र करतानाच त्यात ओळ घाला: "लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचा हयातभर सांभाळ, जेवणखाण, औषधपाणी करायचे आहे, न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द होईल." सबरजिस्ट्रार ऑफिसबाहेर बॉन्ड लिहिणारे ही ओळ आपणहून घालत नाहीत, सांगावं लागतंय. आणि मृत्युपत्र असेल तर भ्यायचं कारणच नाही, जिवंत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. एसी ऑफिसला जायलापण कोण नसेल तर १४५६७ ला फोन करायचा, ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

बाकी भराभर. घरात मानसिक आजाराचं माणूस असेल तर साखळीनं बांधणं २०१७ च्या कायद्यानं बंद आहे, देवळात दर्ग्यात नेऊन बांधलं तरी तेच. जवळ धारवाडचं डिम्हान्स म्हणजे मानसिक आजाराचा सरकारी दवाखाना आहे, आणि १४४१६ ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोनवर कन्नडमध्ये बोलता येतं, मराठीतपण बोलता येतं. एचआयव्हीची टेस्ट न विचारता करता येत नाही, रिपोर्ट वॉर्डभर सांगता येत नाही, तोपण २०१७ चाच कायदा. बलात्कार आणि अ‍ॅसिड हल्ल्यातल्या बाईला प्रायव्हेट दवाखान्यानंपण फुकट उपचार द्यायचे आहेत. घरात मारहाण असेल तर १८१, लहान मुलाचं काही असेल तर १०९८. हायवेला अ‍ॅक्सिडेंट बघितला तर उचलून न्या, तुम्हाला साक्षीदार व्हायची सक्ती नाही, आणि २०२५ च्या मे पासून अपघातग्रस्ताला ७ दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेसची केंद्राची योजना आहे.

वकील पाहिजेच असेल तर आधी कोर्टातल्या कायदा सेवा प्राधिकरणात जावा, नाहीतर १५१०० ला फोन करा. बाया, मुलं, अपंग, एससी एसटी यांना कमाई न बघता फुकट वकील मिळतो. वहिनी तिथंच गेली होती. आत्याच्या बिलात औषधं दोनदा लावलेली होती, आयटमवार बिल लेखी मागितल्यावर ती कळली, आणि डीसी ऑफिसात अर्ज दिला त्याची पोच तिनं पाटल्यांच्या डबीतच ठेवली आहे, अजून सुनावणी चालू आहे.