धाट पोकळ, कडबा पायाखाली: कोरडवाहू ज्वारीत आणि गोठ्यात या चुका टाळा

संक्रांत झाली की सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, जत या पट्ट्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. "ज्वारी झकास होती हो. कणसं बाहेर पडली आणि आठ दिवसांत रान आडवं झालं." पडलेलं धाट बुडाशी उभं चिरून बघा. आत गाभा नसतो, नुसते सुटे धागे असतात आणि त्यांवर काळी भुकटी चिकटलेली असते. हलवलं की वाजतं, म्हणून नाव खडखड्या. दुकानात नेऊन दाखवलं की बुरशीनाशकाची बाटली हातात पडते. ते पैसे वाया गेले असं समजा.

हा बुरशीचा रोग, आणि ती बुरशी जमिनीत असतेच. दाणा भरायच्या वेळी खालची ओल संपली की ती धाटात जोर धरते. रोग दिसतो जानेवारीत, पण चूक झालेली असते सप्टेंबरात, कधी कधी तर जुलैत.

जुलैचं आधी सांगतो. आपल्याकडे 750 मिलिमीटरच्या आत पाऊस. त्यात जून-जुलैत थोडा आणि खरा जोर सप्टेंबरात. रब्बीचं रान पावसाळाभर मोकळं पडलेलं असतं आणि त्यावर पडलेलं पाणी उताराने ओढ्याला जातं. रान कुळवून जुलैतच दहा बाय दहा मीटरचे वाफे बांधले तर तेच पाणी जागेवर मुरतं. पेरणीआधी वाफे मोडायचे आणि उताराला आडवी पेरणी करायची. सोलापूरला 1933 मध्ये कोरडवाहू संशोधन केंद्र सुरू झालं तेव्हापासून पाणी रानातच जिरवायचं सांगितलं जातंय. तरीही बांधावर उभं राहून बघा, दहातली आठ रानं सपाट आणि पाभर, म्हणजे पेरणीचं अवजार, उताराच्या दिशेने चाललेली.

दुसरी चूक वाणाची. मालदांडी हा जुना वाण चांगलाच, तिच्या भाकरीला तोड नाही. पण शेजाऱ्याच्या काळ्या रानात ती डोक्याएवढी झाली म्हणून आपल्या मुरमाड तुकड्यावर टाकायची नसते. पेरणीआधी ओल्या रानात चार ठिकाणी पहार ठोका. मुरूम किती खाली लागतो ते बघा आणि वाण त्यावर ठरवा. वीतभराच्या आसपास, फार तर 30 सेंटिमीटरवर मुरूम लागला तर फुले अनुराधासारखा लवकर येणारा वाण. 60 सेंटिमीटरपर्यंत फुले सुचित्रा. त्याहून खोल काळी असेल तर वसुधा, यशोदा किंवा परभणी मोती. हलक्या रानात उशिराचा वाण म्हणजे ओल डिसेंबरात संपणार आणि पीक फेब्रुवारीपर्यंत उभं राहणार. मग धाट वाजणारच.

पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. घाई केली तर खोडमाशी पोंगे जाळते, उशीर केला तर ओल हातची जाते. बी एकरी चार किलो पुरे. लोक सहा-सात टाकतात, "उगवलं तर उगवलं" म्हणून, आणि मग विरळणीला, म्हणजे जादा रोपं उपटायला, मजूर मिळत नाही. दाट रानात प्रत्येक ताट शेजाऱ्याचं पाणी पितं. दोन ओळींत 45 आणि दोन ताटांत 15 सेंटिमीटर अंतर, आणि दहा-बारा दिवसांची रोपं असतानाच विरळणी. खत सगळं पेरताना, बी आणि खत वेगळं सोडणाऱ्या दोन चाडी पाभरीने, बियाच्या खाली. कोरड्या रानात वरून फेकलेला युरिया पिकाला मिळत नाही.

कोळपणीबद्दल, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती हलवण्याबद्दल, मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तणनाशक आल्यापासून कोळपं खुंटीला लागलंय. "तण नाही तर कोळपायचं कशाला?" असं पोरं विचारतात. डिसेंबरात भारी रानातली भेग बघा. कोपरापर्यंत हात सहज जातो. त्या भेगेत हात घालून माती चिमटीत धरली तर ओलसर लागते, आणि तीच ओल दिवसभर वाऱ्याने वर ओढली जात असते. कोळपणी तणासाठी थोडी आणि ही भेग बुजवण्यासाठी जास्त. तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात अखंड फासेचं आणि आठव्यात दातेरी. जुनी माणसं एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी म्हणायची ती उगाच नाही.

विहिरीत एखाद्या पाळीपुरतंच पाणी असेल तर ते पीक पोटरीत असताना, म्हणजे कणीस अजून पानांच्या आत असताना, 50 ते 55 दिवसांच्या सुमारास द्या. आधी सुकू लागलं तर महिन्याच्या पिकालाही चालेल. कणीस काळवंडायला लागल्यावर घाबरून दिलेल्या पाण्याचा उपयोग होत नाही.

आता गोठा. ज्वारीचा अर्धा हिशेब कडब्यात, म्हणजे वाळलेल्या ताटांत, असतो आणि तो हिशेब गव्हाणीत बिघडतो. सकाळी गव्हाण साफ करताना काय निघतं ते एकदा टोपलीत भरून वजन करा. अख्खी पेंढी सोडून टाकली असेल तर जनावर पाती आणि शेंडा खातं, बुडखे पायाखाली घेतं. आमच्याकडे दोन गायींच्या पुढ्यातून रोज एक पाटी बुडखे निघायचे, त्यावर शेण पडायचं आणि सगळं उकिरड्यावर. कुट्टी यंत्राने एक इंचाचे तुकडे केले की ती पाटी जवळजवळ रिकामी राहते.

युरिया प्रक्रियेचा सल्ला सगळीकडे मिळतो. माझं मत, चांगल्या पिवळ्या कडब्याला ती करू नका, कुट्टी पुरे. प्रक्रिया करायची तर बाजरीच्या सरमडाला किंवा गव्हाच्या भुसकटाला. 100 किलोला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर दाबत, कागदाखाली 21 दिवस हवाबंद. खायला घालण्याआधी पसरून वास उडू द्यायचा. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला अजिबात नाही. आणि तुरीचं भुसकट शेतातच पेटवणारे लोक बाजारातून पेंड आणतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

एक चूक आमच्या घरात झाली आहे. विरळणीत उपटलेली कोवळी रोपं आईने ओच्यात भरून आणली, हिरवं वाया कशाला जाऊ द्यायचं म्हणून उपाशी पाडीपुढे टाकली. अर्ध्या तासात पाडी धापा टाकायला लागली, तोंडाला फेस, डोळ्यांच्या पापण्या आतून लालभडक. डॉक्टर येईपर्यंत गेली. याला किराळ लागणं म्हणतात. कोवळ्या ज्वारीत, आणि पाण्याचा ताण बसून पुन्हा फुटलेल्या धुमाऱ्यांत, पोटात गेल्यावर सायनाइड सुटणारं द्रव्य असतं. दीड-दोन महिन्यांच्या आतली किंवा सुकून पुन्हा फुटलेली ज्वारी हिरवी चारू नका, कापणीनंतर फुटवे आलेल्या रानात उपाशी जनावर सोडू नका. चांगला वाळलेला कडबा सहसा सुरक्षित. लक्षणं दिसली तर घरगुती उपायात वेळ घालवू नका. सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर जनावर वाचतं, म्हणून पहिला फोन डॉक्टरांना.

दूध एकदम उतरलं की पेंड वाढवायच्या आधी पाण्याकडे बघा. दुधावरची गाय उन्हाळ्यात दिवसाला 80 ते 100 लिटर पाणी पिऊ शकते. दोन वेळा बादली दाखवून ते भागत नाही. सिमेंटची टाकी सावलीत, चोवीस तास भरलेली असावी. गाय उलटतेय, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतेय, अशी तक्रार असेल तर उन्हाळ्यात पहाटे आणि रात्री उशिरा गोठ्यात चक्कर मारा, न हंबरता येणारा मुका माज तेव्हाच दिसतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा (रेतन करून घ्या), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण.

शेळ्यांत उस्मानाबादी जुळी देते हे खरं, पण दोनातलं एक करडू जगत नसेल तर जुळ्याचा फायदा कागदावरच. व्याल्यावर तासाभरात चीक पाजला का? वार पडायची वाट बघत थांबणारे अजून आहेत. पहिला पाऊस झाला, माळ हिरवा झाला आणि कालपर्यंत धडधाकट असलेली शेळी सकाळी मेलेली सापडली, तर बहुधा आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार होणारा रोग. त्याची लस पावसाळ्याआधी, मे महिन्यातच द्यायची, पहिल्यांदा देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. जंताचं औषध लेंड्या तपासून, दरवेळी तेच नको.

करडं वर्षागणिक बारीक होत चालली असतील तर खुराकाआधी बोकड बघा. आपल्याच कळपात जन्मलेला, दिसायला रुबाबदार म्हणून ठेवलेला बोकड आपल्याच बहिणींवर आणि मग लेकींवर जातो. दोन वर्षांनी त्याला बाजार दाखवा आणि नवा बोकड दुसऱ्या गावातून, जुळ्यातला, त्याची आई बघून आणा.